सुई लावायच्या आधी

पत्र थोडक्यात असं: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिलंय. मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. सहाएक महिन्यांपासून त्याचा डावा डोळा जरा आत वळतो, आजी म्हणाल्या तिरळा डोळा भाग्याचा असतो, राहू दे. दिवाळीच्या फोटोंत त्याच डोळ्यात पांढरट-पिवळी चमक दिसली, मांजराच्या डोळ्यासारखी. शहरातल्या रेटिनाच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा सुटलाय, खाली पाणी साठलंय, हा कोट्स नावाचा आजार आहे, कॅन्सर नाही. येत्या मंगळवारी डोळ्यात इंजेक्शन आणि पुढे लेझर असं ठरलं. तेवढ्यात मावसभावाच्या आग्रहाने दुसऱ्या शहरात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत एक चमकणारा ठिपका दाखवला आणि म्हणाले ही रेटिनोब्लास्टोमा नावाची कॅन्सरची गाठ असू शकते, भूल देऊन तपासू, एमआरआय करू, वेळ पडली तर डोळा काढावा लागेल. सासरे म्हणतात पहिलेच डॉक्टर खरे, दुसरे पैसे काढायला घाबरवतायत. मिस्टर म्हणतात तुकडा काढून तपासू, शंभर टक्के कळेल. ताई विचारतात, "पोरगं दिवसभर हुंदडतं, दुखत नाही, रडत नाही, मग कॅन्सर कसा असेल? आणि डोळा काढल्यावर कळलं की कॅन्सर नव्हताच, तर? मी कुणावर विश्वास ठेवू?" शेवटी लिहिलंय की जुने फोटो बघवेनात म्हणून परवा सगळे डिलीट केले.

ताई, आधी मंगळवारचं बोलू, बाकीचं सावकाश.

मंगळवारचं इंजेक्शन पुढे ढकला. रद्द करा असं नाही म्हणत मी, भूल देऊन दोन्ही डोळ्यांची नीट तपासणी आणि एमआरआय होईपर्यंत पुढे ढकला. पहिल्या डॉक्टरांना फोन करून सरळ सांगायचं, "डॉक्टर, दुसरीकडे सोनोग्राफीत चमकणारा ठिपका दिसलाय, तो कॅल्शियमचा असल्याची शंका सांगितलीय, गाठ नाही याची खात्री झाल्याशिवाय डोळ्यात सुई नको वाटतं, तुम्ही तो रिपोर्ट बघाल का?" यात त्यांचा अपमान वगैरे काही नाही हो. मी तीसेक वर्षं डोळ्यांची ओपीडी केली, असा फोन मला आला असता तर मी आधी त्या बाईंचे आभारच मानले असते. आणि समजा त्यांना राग आलाच तर येऊ दे, राग आठवड्यात उतरतो.

का ढकला ते सांगते, आणि त्यातच तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

अंगावर कुठेही गाठ दिसली की तुकडा काढून तपासायचा हे आता सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे ते म्हणतात ते अगदी साहजिक आहे. आपल्याकडे उलट भीती असते, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात लोक, आणि या समजुतीशी भांडण्यात माझी निम्मी नोकरी गेली, कारण स्तनातली गाठ, मानेतली गाठ, तिथे ही भीती खोटी असते आणि तिच्यापायी बायका तपासणी टाळत बसतात. पण काय गंमत आहे बघा, लहान मुलाच्या डोळ्यातल्या या एका गाठीपुरतं ते म्हणणं खरं निघतं. डोळा म्हणजे चारी बाजूंनी बंद भांडं. गाठ त्यात कोंडलेली आहे तोवर ती आपल्या हातात असते. पण तिच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून नसतात, पाण्यात भिजलेल्या भाकरीसारख्या सुटत जातात, आणि सुईने पाडलेल्या भोकातून बाहेर खोबणीत उतरल्या की मग आजार डोळ्याचा राहत नाही, पोराचा होतो. म्हणून रेटिनोब्लास्टोमाचं निदान तुकडा न काढता, बघून आणि फोटो-स्कॅनवरून करतात. कॅन्सरमध्ये असं फार थोड्या ठिकाणी होतं. आणि औषध घालायला टोचलेली सुई काय किंवा तुकडा काढायला टोचलेली काय, डोळ्याला दोन्ही सारखीच. कोट्स असेल तर ते इंजेक्शन योग्य उपचार आहे, अगदी मान्य, पण असेल तर.

मिस्टरांना एवढंच सांगा की शंभर टक्के कळण्याची वाट इथे तुकड्यातून जात नाही.

मग कळणार कसं? तुमच्या पत्रात जो "चमकणारा ठिपका" आलाय ना, त्याच्याशी जरा थांबू, कारण तोच सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. रेटिनोब्लास्टोमाची गाठ इतकी भराभर वाढते की तिचा काही भाग रक्त न पोचून मरतो आणि त्या मेलेल्या भागात चुना, म्हणजे कॅल्शियम, बसतो. बहुतेक गाठींमध्ये तो असतो. डोळ्याच्या सोनोग्राफीत तो पांढरा ठिपका दिसतो, पण पांढरं तर बरंच काही दिसतं, म्हणून करायचं काय, तर मशीनचा गेन हळूहळू कमी करायचा, टीव्हीचा ब्राइटनेस कमी करतो तसा. पाणी, पडदा, रक्त सगळं एकेक करून विझत जातं आणि चुन्याचा कण मात्र शेवटपर्यंत पेटलेला राहतो, वर त्याच्या मागे काळी सावलीची पट्टी पडते. पहिल्या सोनोग्राफीत कॅल्शियम नाही लिहिलंय आणि दुसरीत आहे, याचा अर्थ कुणी खोटं बोललं असा लगेच काढू नका. दोन वर्षांचं पोर हातपाय झाडत असताना, चार जणांनी धरून केलेली सोनोग्राफी ती, लहानसा कण सुटू शकतो. म्हणूनच भूल देऊन परत करायची.

त्या तपासणीत नेमकं काय करतात हे कुणी सांगत नाही आणि आईबाप बाहेर बाकावर बसून नको ते इमॅजिन करत राहतात, म्हणून सांगते. भूल द्यायच्या आधी सहा तास दूध-खाणं बंद ठेवतात, अंगावरचं दूध पीत असेल तर चार तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच अंतिम. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, ते झोंबतात, त्यावरून तो भोकाड पसरेल, ते खरं म्हणजे सगळ्यात त्रासाचं काम. एकदा झोपला की डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून, डोळ्याच्या कडेला बोथट दांडीने हलकं दाबत पडदा काठापर्यंत बघतात. दोन्ही डोळ्यांचा, हे लक्षात ठेवा. चांगला उजवा डोळासुद्धा. रेटकॅम, म्हणजे पडद्याचा कॅमेरा, असेल तर फोटो काढतात, हाताच्या शिरेत रंगाचं औषध देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेतात. कोट्समध्ये त्या रक्तवाहिन्याच मुळात बिघडलेल्या असतात, जागोजागी फुगून लायटिंगच्या माळेतल्या बल्बसारख्या दिसतात, त्यातून चरबीचं पिवळं पाणी झिरपून पडद्याखाली साचतं, म्हणून कोट्सची चमक जरा पिवळी आणि गाठीची पांढरी असं आम्ही शिकलो. तुम्ही लिहिलंय पांढरट-पिवळी! त्यामुळे नुसत्या रंगावर मी तरी पैज लावणार नाही. गाठ असेल तर पडद्याच्या रक्तवाहिन्या वळून तिच्या पोटात शिरताना दिसतात, हा फरक जास्त भरवशाचा.

एमआरआय यासाठी की डोळ्यामागची नस जाड झालीय का आणि मेंदूत काही आहे का ते कळतं. कॅल्शियम सीटी स्कॅनमध्ये एमआरआयपेक्षा छान दिसतं, कुणीतरी सीटी सुचवेलही, पण या आजाराचा दोष ज्यांच्या जीनमध्ये असतो त्या मुलांना रेडिएशन सोसत नाही, पुढे दुसरे कॅन्सर होण्याची शक्यता वाढते, म्हणून जमेल तिथे सीटी टाळतात. सांगितलंच कुणी, तर "एमआरआयवर भागेल का" एवढं विचारायचं.

आता तुमचा प्रश्न, कुणावर विश्वास ठेवू. मला वाटतं प्रश्नाची मांडणीच जरा बदलायला हवी. दोघं वेगळं बोलतायत म्हणजे एक अडाणी किंवा एक लबाड, असं सासऱ्यांनी धरलंय. पण ही गल्लत इतकी नेहमीची आहे की जगातले मोठे दवाखाने तिचा हिशोब ठेवतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला विल्स आय हॉस्पिटल आहे, तिथला २०१३ साली छापून आलेला आढावा आहे, रेटिनोब्लास्टोमाचा संशय म्हणून त्यांच्याकडे २७७५ पेशंट आले होते, त्यातल्या ६०४ जणांना ती गाठ नव्हतीच, दुसरंच काही होतं. आणि त्या ६०४ मध्ये सगळ्यात जास्त, साधारण ४० टक्के, कोट्स! म्हणजे तुमचे दोन डॉक्टर ज्या दोन नावांमध्ये अडकलेत त्याच दोन नावांमध्ये सगळं जग अडकतं. पहिल्या डॉक्टरांकडेही जमेच्या गोष्टी आहेत बरं का. मुलगा आहे, एकच डोळा आहे, पडद्याखाली पाणी आहे, कोट्स बहुतेक वेळा मुलग्यांनाच होतो आणि एकाच डोळ्याला होतो. दुसऱ्यांच्या बाजूला पोराचं वय आणि तो ठिपका. एका डोळ्याची गाठ साधारण दोन वर्षांच्या आसपास सापडते, कोट्स बऱ्याचदा त्याहून मोठ्या, शाळेत जायच्या वयाच्या पोरांत. मी पत्र वाचून निदान करणार नाही, करूच नये, पण मनातलं विचाराल तर तीन वर्षांच्या आतलं पोर आणि आत चुन्याची शंका, एवढ्यावर मी गाठच धरून चालले असते, नाही असं सिद्ध होईपर्यंत.

म्हणून खरं कोण हे बाजूला ठेवा आणि चुकलं तर कुठली चूक भरून निघते ते बघा. समजा कोट्स आहे आणि तुम्ही तपासणीसाठी इंजेक्शन आठ-दहा दिवस लांबवलं, तर सहसा फार काही बिघडत नाही, तो महिनोन् महिने चालणारा आजार आहे. समजा गाठ आहे आणि मंगळवारी सुई गेली, तर ते परत फिरवता येत नाही. आणि समजा गाठ आहे आणि दोघांच्या भांडणाला कंटाळून तुम्ही घरी बसलात, कुणीतरी सुचवलेला मध नाहीतर काढा डोळ्यात घालत दोन महिने काढले, तर ती चूक सगळ्यात महाग. श्रीमंत देशांत या आजाराची ९५ टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात, आपल्याकडे कमी, आणि त्यात मोठा वाटा उशिराचा आहे, मुलं डोळा बाहेर आल्यावर येतात. आठवडाभर तपासण्यांत गेला तर त्याला उशीर म्हणू नका. तपासणीची तारीख हातात नसताना गेलेला आठवडा, तो उशीर.

पोरगं हुंदडतं म्हणून कॅन्सर नाही, हे मात्र डोक्यातून काढा. ही गाठ सुरुवातीला दुखत नाही. डोळ्यातलं प्रेशर वाढलं की डोळा दुखतो, लाल होतो, पण ते पुढचं. आणि एका डोळ्याने दिसत नसलं तरी दोन वर्षांचं पोर कशाला सांगतंय, त्याला दुसऱ्या डोळ्याने मोटू-पतलू छान दिसत असतं. घरी एक करून बघा, खेळताना त्याचा डावा डोळा हाताने झाका, त्याला पत्ताही लागणार नाही. मग उजवा झाका, आणि तो चिडून तुमचा हात ढकलतो का बघा.

डोळा काढल्यावर कॅन्सर नव्हता असं निघालं तर, हे तुम्ही विचारलंत. होतं कधी कधी असं, खोटं कशाला सांगू. पण ते सहसा अशा डोळ्यांत होतं की जिथे पडदा पूर्ण सुटून भिंगापर्यंत आलाय, नजर गेलेलीच आहे, प्रेशर वाढलंय, आत बघायला वावच नाही. असा डोळा कोट्सचा असला तरी पुढे दुखून दुखून कधीकधी काढायची वेळ येते. तुमच्या पोराचा डोळा त्या अवस्थेला आहे का, हे भुलीच्या तपासणीत कळेल, आणि तोच प्रश्न तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: या डोळ्याला नजर येण्याची काही आशा आहे का, आणि गाठ असेल तर केमोथेरपी, लेझर, रक्तवाहिनीतून थेट डोळ्याला द्यायची केमो, यातलं काही का चालणार नाही? "वेळ पडली तर" म्हणालेत ना ते, त्या "तर"ला धरून ठेवा, गाठ निघाली म्हणजे डोळा गेलाच असं नसतं. आणि काढायचाच ठरला तर तो डोळा पॅथॉलॉजीत तपासतात, तिथे मात्र शंभर टक्के कळतं, पुढे केमो लागेल का तेही त्यावरच ठरतं. खोबणीत एक गोळा बसवून स्नायू त्याच्याभोवती घेतात आणि साधारण दीड महिन्यानंतर वरून कृत्रिम डोळा बसतो, काचेचा म्हणतात पण असतो ॲक्रिलिकचा, कवळीच्या जातीचा, दुसऱ्या डोळ्याचा रंग बघून हाताने रंगवतात. थोडाफार हलतोही. नीट बसलेला असला तर शेजारीपाजारी लक्षातही येत नाही.

पैसे काढतायत ही शंका सासऱ्यांना येते त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, शंका यावी असे अनुभव लोकांना आलेत. तर त्यावर तोडगा असा की तिसरं मत अशा ठिकाणी घ्या जिथे हाच आजार रोज बघतात. मुंबईला परळचं टाटा मेमोरियल, हैदराबादला एल व्ही प्रसाद, चेन्नईला शंकर नेत्रालय, दिल्लीला एम्सचं आर पी सेंटर. मराठवाड्यातून हैदराबाद तुम्हाला मुंबईइतकंच, कदाचित जास्तच सोयीचं पडेल. पण तिसऱ्यावर थांबा, चौथं-पाचवं मत शोधत फिरू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं बसतं का ते योजनेतल्या कुठल्याही हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि पोराचा जन्माचा दाखला जवळ असू दे. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या माणसाला सवलत असते, फॉर्म हॉस्पिटल देतं. मुंबईत राहायचा प्रश्न पडला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, मुलांच्या कॅन्सरसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, पण तिथे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडून जावं लागतं, आपणच परस्पर गेलो तर घेतील असं नाही.

याच निमित्ताने बाकीच्या वाचकांनाही थोडं, कारण अशी पत्रं मोठ्यांचीही येतात. चाळिशीत एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, टेन्शनमुळे पडद्याखाली पाणी झालंय, सीएसआर आहे म्हणून सांगितलं, आणि तीन-चार महिन्यांत पाणी हललंच नाही, तर एकदा सोनोग्राफी करून घ्या, खाली रक्तवाहिन्यांची साधी गाठ असू शकते. आणि ज्या बाईंना आधी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी तर हे डोळ्याच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, दहा वर्षं झाली असली तरी, कारण तो पडद्यामागे येऊन बसला की सुरुवातीला सीएसआरसारखाच दिसतो. साठीनंतर डोळ्याला वरचेवर सूज येते, स्टिरॉइडने बरी वाटते, सोडलं की परत येते, असं असेल तर ते कधीकधी लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, निघतं. आपल्याकडे उलटंही होतं, ट्युमर म्हणून घाबरवलेली गाठ टीबीची निघते आणि टीबीच्या गोळ्यांनी विरघळते.

मी एक कबूल करून टाकते. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका शिबिरात असंच एक तिरळं पोर माझ्यासमोर आलं होतं. रांग मोठी, थेंब टाकून बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, मी टॉर्च मारला आणि म्हटलं, तीन वर्षांचा झाला की घेऊन या. सात महिन्यांनी आई घेऊन आली, तेव्हा टॉर्चचीही गरज नव्हती. त्यानंतर एकही तिरळं पोर मी थेंब न टाकता घरी पाठवलं नाही, पण ते त्या पोराच्या काही उपयोगाचं नव्हतं. तिरळेपणामागे अशी गाठ असू शकते हे तुमच्यासारख्या आईला कळलं नाही यात तुमचा दोष काय, मला पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. सासूबाईंनाही बोलू नका, त्यांनी ऐकलं तेच सांगितलं.

अजून दोन कामं. मोठी मुलगी पाच वर्षांची आहे असं लिहिलंय, तिचेही डोळे थेंब टाकून बघून घ्या, गाठ निघाली तर भावंडांची तपासणी लागतेच. त्यावेळी आरबी१, म्हणजे ज्याच्या दोषाने ही गाठ होते त्या जीनच्या टेस्टबद्दलही विचारा, एकाच डोळ्याला गाठ असली तरी साधारण सातातल्या एका मुलात दोष जन्मापासूनचा असतो.

आणि ते फोटो. डिलीट केलेले फोटो बहुतेक फोनमध्ये महिनाभर ट्रॅशमध्ये पडून असतात, गॅलरी उघडून खाली बघा, नाहीतर भावाला बघायला सांगा, आजच. सगळे रिस्टोअर करा. ते फोटो म्हणजे तुमच्याविरुद्धचा पुरावा नाही, डॉक्टरांसाठी ती तारखांची वही आहे: बारशाला चमक होती का, पहिल्या वाढदिवसाला होती का, कुठल्या महिन्यात डोळा वळायला लागला. जन्मापासून असेल तर तिसरंच काहीतरी असू शकतं, मधेच सुरू झाली असेल तर वेगळं. एक लक्षात घ्या, पोर बाजूला बघत असताना फ्लॅश पडला तर चांगला डोळासुद्धा कधी कधी पांढरा चमकतो, त्यामुळे एका फोटोवरून घाबरू नका, दहा-बारा काढून तारखेप्रमाणे लावा, आणि मंगळवारच्या आधी दोन्ही डॉक्टरांना पाठवा.